नेम धरायचा तो रिकाम्या जागेवर: पूलमधला कट शॉट समजून घेताना

पूल, म्हणजे क्यू या काठीने पांढरा बॉल मारून रंगीत बॉल टेबलाच्या पॉकेटमध्ये, भोकात, घालायचा खेळ. तो खेळायला लागलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगतं, "बॉल ज्या दिशेला जायला हवा, त्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला मार." सल्ला चुकीचा नाही. पॉकेटच्या मध्यापासून रंगीत बॉलच्या मध्यातून एक सरळ रेषा मागे ओढली, की ती बॉलच्या पाठीवर जिथून बाहेर पडते तो स्पर्शाचा ठिपका. पांढरा बॉल तिथेच टेकला पाहिजे, यात शंका नाही. मग तो माणूस वाकतो, त्या ठिपक्यावर नजर रोखतो, क्यूचं टोक थेट त्याच्याकडे धरून मारतो, आणि रंगीत बॉल पॉकेट सोडून वीतभर लांब टेबलाच्या कडेच्या कुशनवर आदळतो. पुन्हा मारतो. पुन्हा तसंच, आणि त्याच बाजूला.

चार-पाच वेळा असं झालं की बहुतेकजण ठरवून टाकतात की आपला हात वाकडा आहे. खरं तर हाताने सांगितलं ते चोख केलेलं असतं. सांगणंच चुकलेलं असतं.

कारण साधं आहे. क्यू ज्या दिशेला रोखलेला असतो त्या दिशेने जातो तो पांढऱ्या बॉलचा मध्य. टेकतं मात्र त्याचं पृष्ठ. समोरासमोर सरळ शॉट असेल तर पांढऱ्याचं नाक रंगीतला भिडतं आणि मध्य, नाक, ठिपका सगळं एका ओळीत येतं, त्यामुळे काही बिघडत नाही. पण कट मारायचा असेल, म्हणजे रंगीत पांढऱ्याच्या वाटेपासून तिरका वळवायचा असेल, तर भिडतो तो पांढऱ्याचा गाल. मध्य जर ठिपक्यावर रोखला, तर त्याआधीच गाल ठिपक्याच्या अलीकडे, रंगीतच्या जास्त मधल्या भागावर जाऊन आपटतो. हिशोब केला तर ३० अंशांचा कट मारताना अशा नेमाने बॉल फक्त साडेचौदा अंशांच्या आसपास वळतो. जवळजवळ अर्धा कट हरवला. पॉकेट एक मीटरवर असेल तर बॉल २५ सेंटीमीटरहून जास्त चुकणार.

म्हणून नेमाबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही, की नेम रंगीत बॉलवरच्या कुठल्याही ठिपक्यावर धरायचा नसतो. रंगीतच्या मागे, त्याला टेकून, जी एका बॉलएवढी रिकामी जागा आहे, तिच्या मध्यावर धरायचा असतो.

घोस्ट बॉल

या रिकाम्या जागेला खेळाडू घोस्ट बॉल म्हणतात. टक्कर होते त्या क्षणी पांढरा जिथे असायला हवा, तिथे आधीच एक अदृश्य बॉल ठेवलेला आहे अशी कल्पना करायची आणि पांढरा नेऊन त्या अदृश्य बॉलच्या जागी बसवायचा. पूलच्या बॉलचा व्यास ५७.१५ मिलिमीटर असतो, म्हणजे सव्वादोन इंच. स्पर्शाचा ठिपका रंगीतच्या मध्यापासून अर्ध्या व्यासावर, आणि घोस्ट बॉलचा मध्य पूर्ण व्यासावर, दोन्ही पॉकेटकडून येणाऱ्या त्याच रेषेवर. नवशिक्याचा नेम चुकतो तो या अर्ध्या व्यासाने.

कल्पना सोपी, पण रिकाम्या कापडावर नसलेला बॉल पाहायची सवय डोळ्यांना नसते. ती लावायची एक पद्धत मला फार उपयोगी वाटते. रंगीत बॉल हवा तिथे ठेवा. दुसरा एक बॉल घेऊन तो रंगीतच्या मागे, पॉकेटच्या रेषेत, टेकवून ठेवा. आता पांढऱ्याच्या मागे जाऊन उभे राहा आणि त्या दुसऱ्या बॉलच्या मध्याकडे क्यू रोखून पाहा. नुसतं पाहा, मारू नका. रंगीतच्या मानाने तो बॉल किती बाजूला दिसतोय, त्याची कड रंगीतच्या मागे किती लपलीय, हे नीट मनात भरून घ्या. मग कुणाला तरी तो बॉल उचलायला सांगा आणि लगेच शॉट मारा. पहिल्या काही शॉट्सना हमखास वाटेल की आपण फारच बाहेर मारतोय, बॉलला लागणारच नाही. ते वाटणं सहन करून मारा. बॉल पॉकेटमध्ये जाताना दिसला, की डोळे हळूहळू स्वतःला दुरुस्त करतात.

रेषा ठरवायला मात्र पांढऱ्याच्या मागूनच पाहणं पुरेसं नाही. आधी रंगीतच्या मागे जा, पॉकेट, रंगीत आणि तुमचे डोळे एका ओळीत आणा. तिथून ठिपका स्वच्छ दिसतो. मग तो नजरेत धरून चालत पांढऱ्याकडे या. चांगले खेळाडू टेबलाभोवती सारखे फिरताना दिसतात त्याचं हे एक कारण आहे.

पूर्ण, पाऊण, अर्धा, पाव

काहींना अदृश्य बॉल कितीही प्रयत्न केला तरी दिसत नाही. त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे, आणि आपल्या भाषेत ती फार सहज सांगता येते. पांढऱ्याच्या मागून समोर पाहिलं, तर टक्करीच्या वेळी पांढरा रंगीतचा किती भाग झाकेल, हा प्रश्न विचारायचा. सगळा झाकला तर पूर्ण बॉल, म्हणजे सरळ शॉट. तीन चतुर्थांश झाकला तर पाऊण बॉल, मग अर्धा, मग पाव.

प्रत्येक हिश्श्याचा कोन ठरलेला आहे. पाऊण बॉलला रंगीत सुमारे साडेचौदा अंश वळतो. अर्ध्या बॉलला बरोबर ३० अंश. पाव बॉलला साधारण ४९ अंश. एक अष्टमांश झाकला तर ६१ अंश. बॉल एकाच आकाराचे आहेत तोवर हे कोन बदलत नाहीत, मग दोघांमध्ये अंतर कितीही असो.

यातला अर्धा बॉल मनात कोरून ठेवण्यासारखा आहे, कारण त्यात नेमाला खरीखुरी, डोळ्यांना दिसणारी खूण मिळते. पांढऱ्याचा मध्य थेट रंगीतच्या कडेवर रोखायचा, बस. कल्पनेची गरज नाही, अंदाजाची नाही. ३० अंशांचा शॉट नजरेला ओळखू यायला लागला, की बाकीच्या शॉट्सना एक बूड मिळतं. हा अर्ध्यापेक्षा थोडा जाड आहे, म्हणजे रंगीत जास्त झाकणारा, हा थोडा बारीक आहे, म्हणजे कमी झाकणारा, असं म्हणता येतं. मी एखाद्याला शिकवायला घेतलं तर सुरुवातीला त्याला फक्त अर्ध्या बॉलचे शॉट लावून देईन, डावीकडचे आणि उजवीकडचे, ते अंगवळणी पडेपर्यंत.

आकडे जरा निरखून पाहिले तर त्यांत एक गंमत दिसते. पूर्णापासून पाऊणपर्यंत पाव बॉल सरकलो तर कोन साडेचौदा अंशांनीच बदलला. पण पावपासून नुसत्या ओझरत्या स्पर्शापर्यंत, म्हणजे तेवढंच अंतर सरकलो, तर उरलेले ४१ अंश सगळे तिथेच कोंबलेले आहेत. बारीक कट अवघड का, याचं उत्तर इथे आहे. जाड बाजूला नेम मिलिमीटरभर हलला तर फार बिघडत नाही, बारीक बाजूला तेवढ्याच चुकीला दुप्पट, तिप्पट शिक्षा आहे. ६० अंशांच्या कटला ती बरोबर दुप्पट असते.

अर्ध्यापेक्षा बारीक शॉटमध्ये आणखी एक अडचण येते. पांढऱ्याचा मध्य रंगीतच्या कडेच्याही बाहेर, मोकळ्या कापडाकडे रोखावा लागतो, आणि तिथे नजर ठेवायला काहीच नसतं. अशा वेळी मला दुप्पट अंतराची युक्ती आवडते. पांढऱ्याच्या मागून पाहताना स्पर्शाचा ठिपका रंगीतच्या मध्यापासून किती बाजूला दिसतो ते बघायचं. तेवढंच अंतर पुन्हा त्याच दिशेला पुढे मोजायचं. जिथे पोचाल तिथे पांढऱ्याचा मध्य रोखायचा. ठिपका मध्य आणि कड यांच्या बरोबर मधोमध दिसत असेल, तर दुप्पट केल्यावर कड येते, म्हणजे तो अर्धा बॉल झाला. ठिपका त्याहून बाहेर असेल तर नेम कडेच्या बाहेर जातो. ही युक्ती अंदाजपंचे नाही, भूमितीतून निघते, आणि घोस्ट बॉल न दिसणाऱ्याला घोस्ट बॉलच्याच जागी नेऊन सोडते.

याशिवाय नेमाच्या पद्धती बऱ्याच आहेत. कुणी पांढऱ्याच्या मध्यापासून रंगीतच्या कडेपर्यंत रेषा धरून क्यू किंचित फिरवायला सांगतं, कुणी क्यूच्या शाफ्टची, म्हणजे पुढच्या सडपातळ भागाची, कड वापरायला सांगतं. त्यांवर निष्ठा असलेले आणि उत्तम खेळणारे लोक आहेत. माझं मत असं, की कोन अगणित असतात आणि कुठल्याही पद्धतीतल्या ठरावीक रेषा मोजक्याच, त्यामुळे मधली जागा शेवटी सरावलेली नजरच भरून काढते. पद्धतीचा खरा फायदा हा, की दर वेळी एकाच क्रमाने पाहायची शिस्त लागते. तो फायदा लहान नाही. पण नवीन पद्धत म्हणजे न चुकणारी किल्ली, अशा आशेने दर महिन्याला पद्धत बदलत राहिलं तर नजर कशातच बसत नाही.

बॉल एकमेकांच्या अगदी जवळ असतील तेव्हा सावध राहायला हवं. दोन बॉलच्या मध्यांना जोडणारी रेषा आणि पॉकेटची रेषा यांमधला कोन पाहून आपण "हा तीसचा आहे" असं म्हणतो. लांबच्या शॉटला ते चालतं. पण पांढरा रंगीतपासून बोटभर अंतरावर असेल तर खरा कोन घोस्ट बॉलच्या जागेवरून मोजावा लागतो आणि तो दिसतो त्यापेक्षा बराच मोठा निघतो. जवळचा, सोपा वाटणारा शॉट जाड लागून चुकतो त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

किती चुकलं तर चालतं?

या प्रश्नाचं उत्तर एकदा आकड्यांत पाहिलं की खेळाकडे बघण्याची दृष्टी बदलते. नऊ फुटी टेबलाचा खेळायचा पृष्ठभाग १०० बाय ५० इंचांचा असतो. स्पर्धांच्या टेबलावर कोपऱ्यातल्या पॉकेटचं तोंड साडेचार इंचांच्या आसपास, म्हणजे बॉलच्या दुप्पट. बॉलच्या मध्याला दोन्ही बाजूंना साधारण २८ मिलिमीटर मोकळीक मिळाली.

आता अगदी सरळ शॉट घ्या. पांढऱ्यापासून रंगीत एक मीटर, रंगीतपासून पॉकेट एक मीटर. बॉल पॉकेटमध्ये पडायचा असेल तर त्याची दिशा साधारण दीड अंशाच्या आत राहायला हवी. त्यासाठी टक्करीच्या वेळी पांढरा आपल्या योग्य जागेपासून दीड मिलिमीटरपेक्षा फारसा हलता कामा नये. आणि मीटरभर अंतरावरून दीड मिलिमीटरच्या आत पोचायचं तर पांढऱ्याची दिशा एका अंशाच्या दहाव्या भागाइतकी अचूक हवी.

म्हणजे रंगीत बॉल चूक मोठी करून दाखवतो. या मांडणीत सतरा-अठरा पट. मधलं अंतर दुप्पट झालं तर हा आकडाही दुप्पट. अंतर वाढलं की शॉट अवघड होतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण पांढरा लांब असणं हे रंगीत पॉकेटपासून लांब असण्याइतकंच महाग पडतं, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. दोन्ही अंतरांचा गुणाकार होतो.

एका अंशाचा दहावा भाग डोळ्यांनी मोजता येत नाही. तरीही माणसं तासन्तास न चुकता खेळतात. अमेरिकी पूल खेळाडू विली मोस्कोनी यांनी १९५४ साली एका प्रदर्शनीय खेळात सलग ५२६ बॉल पॉकेटमध्ये घातले होते. असे खेळाडू प्रत्येक शॉट अशक्य अचूकतेने मारतात असं नाही. पांढरा पुढच्या रंगीतजवळ आणून ठेवतात, मधलं अंतर लहान ठेवतात, आणि लहान अंतरावर तीच चूक मावून जाते. नेम सुधारायचा एक मोठा मार्ग आधीच्या शॉटमधून जातो.

पॉकेटचा आकारही स्थिर नसतो. जोरात आलेला बॉल जबड्यांवर, म्हणजे पॉकेटच्या तोंडाच्या दोन कडांवर, आपटून बाहेर उडतो, हळू आलेला तिथेच घसरून आत पडतो. मधल्या पॉकेटकडे तिरक्या आलेल्या बॉलला त्याचं तोंड अरुंदच मिळतं. म्हणून प्रत्येक शॉटला पॉकेटचा मध्य म्हणजे बॉलच्या दिशेने पाहताना दिसणाऱ्या मोकळ्या जागेचा मध्य.

भूमिती बरोबर, तरी बॉल चुकला

इथपर्यंत आपण धरून चाललो की रंगीत बॉल दोन मध्यांना जोडणाऱ्या रेषेवरच जातो. बॉल गुळगुळीत आणि घर्षणरहित असते तर तसंच झालं असतं. पण टक्करीच्या क्षणी पांढऱ्याचं पृष्ठ रंगीतच्या पृष्ठावरून घासत जातं आणि जाता जाता त्याला आपल्याबरोबर किंचित ओढतं. याला थ्रो म्हणतात. या ओढीने रंगीत नेहमी जरा कमी वळतो, म्हणजे शॉट जाड लागल्यासारखा दिसतो.

किती कमी वळतो? ते शॉटवर अवलंबून आहे. पांढरा टक्करीच्या वेळी ना पुढे लोळत ना मागे फिरत, नुसता घसरत आला, म्हणजे स्टन शॉट, आणि वेग कमी असला, तर अर्ध्या बॉलच्या आसपासच्या कटला थ्रो सगळ्यात जास्त भरतो, पाच अंशांपर्यंत. मीटरभर लांबच्या पॉकेटला पाच अंश म्हणजे साडेआठ सेंटीमीटरहून जास्त. पॉकेट पूर्ण हुकलं. जोरात मारलं तर थ्रो कमी होतो. पांढरा छान लोळत आला किंवा मागे फिरत आला तरी कमी होतो. बॉल मळलेले असतील तर वाढतो. आणि नेमकं टेकण्याच्या जागी क्यूच्या टोकाला लावायच्या चॉकचा कण आला तर घर्षण एकदम वाढून बॉल भलतीकडेच जातो. याला स्किड म्हणतात, आणि त्यावर उपाय एकच, बॉल पुसून ठेवणं.

जे खेळाडू म्हणतात की "हळू मारलं की माझा कट चुकतो, जरा जोरात मारलं की जातो", त्यांना मी सांगेन की तुमचं निरीक्षण अगदी खरं आहे. त्यामागे थ्रो आहे. अशा हळू शॉटला नेम केसभर बारीक बाजूला सरकवायचा. किंवा पांढऱ्याला कटच्या बाहेरच्या बाजूची थोडी साइड, म्हणजे मध्याच्या बाजूला मारून मिळणारी आडवी फिरकी, द्यायची: रंगीत डावीकडे वळवायचा तर उजवी साइड. त्यामुळे टेकणारी दोन पृष्ठं एकमेकांवरून घासण्याऐवजी दोन दातेरी चाकांसारखी फिरतात आणि ओढ जवळजवळ नाहीशी होते.

पण साइड दिली की नवीन गुंतागुंत सुरू होते. क्यूची टिप पांढऱ्याच्या मध्यापासून उजवीकडे लागली, तर पांढरा क्यूच्या दिशेने न जाता किंचित डावीकडे सटकतो. याला स्क्वर्ट किंवा डिफ्लेक्शन म्हणतात. क्यूचं पुढचं टोक जितकं जड तितकं हे सटकणं जास्त, म्हणून हलक्या टोकाचे लो-डिफ्लेक्शन शाफ्ट निघाले. शिवाय क्यू कधीच पूर्ण आडवा नसतो, मागून थोडा उचललेलाच असतो, त्यामुळे उजवी साइड घेतलेला पांढरा पुढे जाता जाता पुन्हा उजवीकडे वळतो. आधी डावीकडे सटकणं, मग उजवीकडे वळणं. वेग जास्त असेल तर वळायला वेळच मिळत नाही, वेग कमी असेल तर वळणं सटकण्यावर मात करू शकतं.

बॉलची फिरकी आणि घर्षण यांचं हे गणित जुनं आहे. ज्यांच्या नावाचं बल आपण वाऱ्यांच्या दिशा समजून घेताना शिकतो, त्या फ्रेंच शास्त्रज्ञ कोरिओलिस यांनी १८३५ मध्ये बिलियर्ड्सच्या बॉलच्या गतीवर अख्खा ग्रंथ लिहिला होता. ते वाचून शॉट जमत नाहीत, हे उघड आहे. पण गणित कुठल्या बाजूला झुकतं हे माहीत असलं की सरावाला दिशा मिळते. माझा ठाम सल्ला असा, की नेम पक्का होईपर्यंत साइडला हात लावू नये. पांढरा मध्यरेषेवरच मारावा, हवं तर वर, हवं तर खाली. साइड आली की थ्रो, स्क्वर्ट आणि वळण हे तिन्ही एकत्र येतात, आणि बॉल चुकला तर कुणामुळे चुकला हे कळत नाही. बॉल आत गेला तरी का गेला हे कळत नाही, आणि ते जास्त घातक.

उभं राहूनच ठरवा

नेम वाकल्यावर धरायचा नसतो. उभ्याने टेबल वरून दिसतं, कोन खरे दिसतात. वाकलं की दृष्टी टेबलाच्या पातळीला येते आणि सगळं चपटं होतं. म्हणून रेषा उभ्यानेच ठरवायची, त्या रेषेवर मागचा पाय ठेवायचा, आणि शरीर रेषेवरून सरळ खाली आणायचं. बाजूने येऊन वाकलात तर क्यू तिरपा येतो, आणि मग मनगट शेवटच्या क्षणी गुपचूप दुरुस्ती करत बसतं.

खाली गेल्यावर नेम चुकल्यासारखा वाटला तर क्यू हलवून जुळवू नका. उठा, पुन्हा पाहा, पुन्हा खाली या. वाकलेल्या अवस्थेत अर्धा मिलिमीटर इकडे, अर्धा तिकडे करणं हे बऱ्याच चुकांचं मूळ आहे, कारण क्यू हलतो पण खांदा आणि कोपर जुन्याच रेषेवर राहतात.

डोक्याची जागा प्रत्येकाची वेगळी. काहींचा क्यू बरोबर हनुवटीखाली येतो, काहींचा एका डोळ्याखाली. स्वतःची जागा शोधायची तर एक अगदी सरळ शॉट लावा, क्यू त्या रेषेवर ठेवा आणि डोकं हळूहळू डावीकडून उजवीकडे न्या. एका ठिकाणी क्यू, पांढरा आणि रंगीत खरोखर एका ओळीत दिसतील. तिथे डोकं दर वेळी आलं पाहिजे.

मारण्याआधीच्या छोट्या स्ट्रोकमध्ये नजर पांढरा आणि लक्ष्य यांच्यात ये-जा करते, ते ठीक. पण शेवटच्या स्ट्रोकला ती एका जागी थांबायला हवी. कॅनडातल्या संशोधक जोन व्हिकर्स यांनी या शेवटच्या स्थिर नजरेला "क्वाएट आय" असं नाव दिलं, आणि बिलियर्ड्स खेळणाऱ्यांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या तेव्हा कसलेल्या खेळाडूंची ही नजर नवख्यांपेक्षा जास्त वेळ स्थिर राहते असंच दिसलं. बहुतेक खेळाडू ती रंगीतवर ठेवतात. क्यू मागे नेल्यावर क्षणभर थांबा, नजर टेकवा, मग सोडा.

चूक वाचायची कशी

शेवटी कामाची गोष्ट: बॉल चुकला, तर नेमामुळे की हातामुळे? हे वेगळं न करता सराव केला तर हाताची चूक नेमाने झाकली जाते आणि दोन्ही बिघडतात.

आधी हात तपासा. ९ ते १५ यांपैकी एक पट्ट्याचा बॉल घ्या, पट्टा उभा, तुमच्याकडून थेट समोर जाईल असा ठेवा, आणि त्यालाच पांढरा समजून टेबलाच्या लांबीवर सरळ मारा. पट्टा चाकासारखा उभाच लोळत गेला तर टिप मध्यरेषेवर लागली. डगमगला तर नकळत साइड लागतेय. दुसरी तपासणी सरळ स्टॉप शॉटची. रंगीत आत जाऊन पांढरा टक्करीच्या जागीच थांबला, पण तिथे भोवऱ्यासारखा फिरत राहिला, तरी तीच तक्रार.

सरळ शॉट दहापैकी आठ-नऊ जायला लागले की एकच कट घ्या, अर्ध्या बॉलचा. दोन्ही बॉलच्या जागा कापडावर छोट्या कागदी रिंगा चिकटवून पक्क्या करा, म्हणजे प्रत्येक वेळी तोच शॉट मिळेल. वीस वेळा मारा, आणि बॉल आत गेला की नाही यापेक्षा चुकला तर कुठल्या बाजूला चुकला ते लिहून ठेवा. जाड की बारीक, एवढंच.

चुका दोन्ही बाजूंना विखुरलेल्या असतील तर नेम सोडा, स्ट्रोककडे परत जा. सगळ्या जाड बाजूला असतील तर तोच शॉट जरा वेगाने, पांढरा लोळत जाईल असा मारून पाहा. आता जात असेल तर थ्रो होता, हळू मारताना नेम थोडा बारीक घ्यायचा. तरीही जाडच लागत असेल तर तुमची नजर अजून त्या ठिपक्यावरच चिकटून आहे, रंगीतमागे दुसरा बॉल टेकवून पाहण्याचा सराव पुन्हा करायचा. आणि सगळ्या बारीक बाजूला असतील तर बहुधा घोस्ट बॉल रंगीतला टेकलेला न दिसता थोडा सुटा दिसतोय. त्याला टेकवा, आणि पुढचे वीस शॉट मारून वहीत लिहा.